पाण्यातली साथ

तेलगावच्या रस्त्यावर राजनंदिनीची स्कूटी मेंढरांच्या कळपात अडकली. हॉर्न वाजवून ती थकली, पण एकही मेंढरू हलेना. तेवढ्यात पाव्याचा एक लांब सूर आला... आणि सगळा कळप गुमान बाजूला झाला.

"हॉर्न त्यास्नी कळत न्हाई," ओठांवरचा पावा काढत तो पोरगा हसला. "पाव्याचंच ऐकत्यात."

"माणसंही ऐकतात का?"

"तुमी थांबला की!"

त्याचं नाव नाथा. तिच्या वडिलांनी, सुंदररावांनीच खतासाठी त्याची मेंढरं धरणाकडेच्या शेतात बसवली होती, हे तिला घरी गेल्यावर कळलं. मग रोज दुपारी तिला शेतात काहीतरी काम निघू लागलं.

तो वाजवायचा, ती बांधावर बसून ऐकायची. एक चाल मात्र तो नेहमी अर्ध्यावर तोडायचा.

"पुढं का वाजवत न्हाईस?"

"ती माझ्या बापाची हाय. वाजवत वाजवतच बाप ह्या पाण्यात चालत गेला... वर आलाच न्हाई."

"अन् तू भितोस?"

"माझ्यासाठी न्हाई." त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचे कान तापले.

"मग एकदाच... माझ्यासाठी?"

नको नको म्हणत त्यानं पावा ओठांना लावला. ऊन रणरणत होतं, वारा पडला होता. तो सूर तिच्या पाठीवरून बोटासारखा फिरला. तिचे डोळे आपोआप मिटले. किती गोड... किती जवळ...

गार पाणी छातीला लागलं तेव्हा ती दचकली. ती धरणात उभी होती! काठाला मेंढरं पाण्यात पाय रोवून उभी... एकही ओरडत नव्हतं.

"राजनंदिनी!" नाथा पाणी कापत तिच्याकडे आला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. पावा काठावर पडला होता.

तरी चाल वाजतच होती. नाथा जिथं तोडायचा, त्याच्या पुढची. खोल पाण्यातून.

"आबा..." नाथा पुटपुटला. त्याची नजर विझली. तिला ओलांडून तो पुढं निघाला.

"नाथा, नको!"

त्याला ऐकूच गेलं नाही. तिनं त्याला ओढलं, आपल्याकडे वळवलं आणि दोन्ही तळव्यांनी त्याचे कान घट्ट दाबले. हळूहळू त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर आली, थांबली. मग त्यानंही तिचे कान झाकले.

सगळं शांत झालं. नुसते त्याचे ओठ हलताना दिसत होते.

'तू... माझी होशील?'

आजवर तो तिला 'तुमी' म्हणत आला होता. तिनं भिजलेली मान हलवली – हो.

तसेच एकमेकांचे कान धरून ते मागं सरकत राहिले. मेंढरं वळली. पाणी कमरेला आलं, गुडघ्याला आलं, मग पायाखाली कोरडी माती लागली. चाल थांबली की नाही, कुणास ठाऊक.

बघायला हात आधी कुणी काढायचा?

दोघांपैकी कुणीच काढला नाही.