पोढुआचा पाट

"तुझ्या हट्टापायी मी मामाविना वाढलो, अपा! माझ्या लेकाला बघ, पहिल्याच प्रथमाष्टमीला त्याच्या मामाकडून कपडे आले. आणि मला माझ्या मामूचं तोंडसुद्धा ठाऊक नाही!"

ब्रजबंधू बोलून गेला, आणि हळदीच्या पानावर पीठ पसरणारे थोरल्या बहिणीचे हात थबकले... कुंजलताने नारळ-गुळाचं सारण भरून पान मिटलं आणि एंडुरी पिठा वाफेवर ठेवला. बावीस वर्षांपूर्वी अपाने स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि ते जुळवणाऱ्या मामूने या घराचा उंबरा सोडला, एवढंच ब्रजला ठाऊक होतं. का मोडलं, ते ती कधी बोलली नाही. बोलणार तरी कशी!

प्रथमाष्टमी म्हणजे घरातल्या पहिल्या अपत्याचा दिवस. त्या पोढुआला मामाकडचं नवं वस्त्र नेसवायचं, पाटावर बसवून ओवाळायचं. कुंजलताही आईबापांची थोरलीच. पण मामाघर तुटलं आणि तिचा पाट कायमचा उचलला गेला. दर वर्षी साऱ्यांसाठी पिठा रांधायचा तो मात्र तिनेच, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं!

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. काठी टेकत एक वृद्ध उतरले. त्यांना पाहताच कुंजलताच्या हातातली पानं गळून पडली.

"मामू...!"

ब्रजची बायको सुकांती पदर सावरत पुढे झाली. "मीच बोलावणं धाडलं. कुणाला विचारलं नाही, रागवायचं तर माझ्यावर रागवा."

ब्रजने मामूंचे पाय धरले. "मामू, अपाच्या हट्टाची क्षमा करा."

"हट्ट?" मामू आर्तत्राणबाबू कडाडले. "अरे गाढवा, मुलाकडच्यांनी बजावलं होतं, चार वर्षांचं पोर पाठीशी लावून आणायचं नाही! तू होतास ते पोर! म्हणून हिने नकार दिला. माझा शब्द गेला, चार लोकांत मान खाली गेली, आणि मी बसलो रुसून... या आईबापाविना पोरक्या लेकरांकडे पाठ फिरवून!"

ब्रजचा चेहरा पांढराफटक पडला. "अपा... सांगितलं का नाहीस गं?"

"तुझ्यामुळे माझा संसार झाला नाही, हे तुला कसं सांगू रे सोन्या?"

तो तिच्या कुशीत शिरून लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. मामूंनी पिशवीतून हळदीचं बोट लावलेली कोरी साडी काढली.

"बाळासाठी?" कुंजलताने विचारलं.

"बाळाला त्याचा मामा आहे. मी तुझा मामा ना? जा, नेसून ये."

ती नेसून आली तेव्हा बाळाच्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडलेला होता. पण ओवाळणार कोण? आई नाही, घरात वडीलधारी बाई नाही. सुकांती तर वयाने लहान.

"आणा ते तबक इकडे!" मामू म्हणाले. "आज मीच हिची आई. हसायचं त्याने खुशाल हसावं!"

त्यांनी भाचीला ओवाळलं, दूर्वा-अक्षता डोक्यावर ठेवल्या. बावीस वर्षांचं ओझं अश्रूंवाटे वाहून गेलं, आणि कुंजलताचा जीव कापसासारखा हलका झाला. ब्रजने गरम पान उलगडून पहिला घास तिच्या मुखी दिला.

"गूळ कमी पडला रे..." ती हुंदक्यांतून म्हणाली.

"तूच केलास की!" मामू हसले, आणि सारं घर हसलं.

कुंजलताने डोळे पुसले. "असू दे. मला अजून एक वाढा."