छप्पन्न किलो

शर्वरीला सहावा महिना लागला, तरी वजनकाट्यावर आकडा तोच: छप्पन्न किलो. घरच्यांना त्याचंच कौतुक. "पोटुशी असून चवळीची शेंग! नशीब काढलंस बाई," असं नणंदही म्हणून गेली. शर्वरी दोन घासांवर पानावरून उठते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आलं ते तिच्या मावशीच्या, डॉ. हेमांगी चौबळ यांच्या. यायलाच हवं होतं, कारण ही सगळी करणी त्यांचीच. मेंदूत बसवायचा वजन-स्थिरक त्यांनी शोधला होता आणि चार वर्षांपूर्वी आपल्या हातांनी भाचीला बसवला होता. तेव्हा ती अठ्ठ्याण्णव किलोंची होती. तीनदा गर्भ पडला होता. "काहीही कर मावशी, पण मला मूल हवंय," म्हणून ढसाढसा रडली होती.

आज ती मावशीच्याच संस्थेच्या रुग्णकक्षात पडून होती. हृदयतज्ज्ञ डॉ. कोरगावकरांनी तिच्या खाटेशीच हेमांगीबाईंपुढे अहवाल उघडला. "बाई, हृदयाचे स्नायू झिजलेत हो. ही खात का नाही?"

"भूकच लागत नाही. अंगातली प्रत्येक पेशी रक्तात एक खूण सोडते, स्थिरक त्या मोजतो. बेरीज छप्पन्न किलोंच्या वर गेली की भूक बंद. मग आधी चरबी जाळायची, ती संपली की मांस."

"पण वाढतंय ते बाळ!"

"त्या मेल्याला बाळ कुठे कळतंय? त्याच्याही खुणा नाळेतून येतात. बाळ शंभर ग्रॅम वाढलं, की आईचे शंभर ग्रॅम गेले."

"मग नळीने भरवा."

"आठ दिवस भरवलं. घालू तेवढं जाळतो, नुसता ताप चढतो. बंद करायची, आकडा बदलायची सोयच ठेवली नाही मी. आणि काढताही येत नाही, मेंदूच्या पेशी त्याच्याभोवती गुंतल्यात."

बाईच्या जातीला वजन वाढायलाच हवं असेही दिवस येतात, हे चार वर्षांत हेमांगीबाईंना एकदाही सुचलं नव्हतं. स्वतः दोन बाळंतपणं काढून! त्यांना स्वतःची किळस आली.

कोरगावकर चाचरत म्हणाले, "बाळ अजून बाहेर जगायचं नाही. आठवड्याच्या आत... दोघांतलं एकच."

शर्वरी इतका वेळ डोळे मिटून ऐकत होती. "मावशी, बेरीज कमी व्हायला हवी ना? मग ती बाळाचीच कशाला? माझं एक मूत्रपिंड काढ."

"अगं, दीडशे ग्रॅमचं ते. त्याने काय होणार?"

"आणि पाय?"

हेमांगीबाईंनी चादरीखालच्या तिच्या पायांकडे पाहिलं.

"नऊ किलो," कोरगावकर बोलून गेले आणि जीभ चावली. "भलतंच काय! हे हृदय भूल तरी सोसेल का?"

"सोसलं तर नऊ किलो भरून येईपर्यंत मला भूक लागेल. हो ना गं?"

हेमांगीबाईंनी मान हलवली. गणित बिनचूक होतं आणि ते त्यांचंच होतं.

"मग डावा घे," शर्वरी म्हणाली. "बाळाला निजवायला एक मांडी पुरेल मला."