आतल्या बाजूचा गिलावा

हे मी कुठे वाचलेलं नाही. कुणाकडून ऐकलेलंही नाही.

त्या खोलीत मी स्वतः होते.

साल एकोणीसशे शहाण्णव. ऑगस्टमधला दुसरा रविवार. गाव तिसगाव, तालुका पाथर्डी. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, आठवीत. आणि एक सांगून ठेवते, ती रात्र नव्हती. भर दुपार होती. गल्लीत बायका शेंगा निवडत बसल्या होत्या.

माझे वडील भीमराज गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमचं घर बौद्ध. घरात अंगारा, उतारा, देवऋषी यातलं काही चालत नसे. पप्पांचं एकच म्हणणं, "कारण सापडलं नाही की लोक भूत म्हणतात. तुम्ही कारण शोधा."

म्हणून हे मी आजवर लिहिलं नव्हतं. पप्पा होते तोवर तर नाहीच.

घर आम्ही विकत घेतलेलं. गावाच्या कडेला, एकामागे एक अशा दोन खोल्या. दगडमातीच्या भिंती, दोन हात जाड. मागच्या खोलीला एकच दार, पुढच्या खोलीतून आत जायचं. खिडकी नाही. फक्त पश्चिमेच्या भिंतीत डोक्याच्या उंचीवर एक झरोका, पाटीएवढा. तेवढाच उजेड, तेवढीच हवा.

पावसाची झड त्याच भिंतीवर यायची. माती धुपायची. म्हणून पप्पांनी त्या भिंतीला बाहेरून जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करायचं ठरवलं. काम दिलं छगन मिस्त्रीला. पन्नाशीचा माणूस, हात चांगला, गावात नाव होतं.

मे महिन्यात आम्ही चार दिवस जामखेडला मावशीकडे गेलो. घराला कुलूप. काम बाहेरूनच होतं, त्यामुळे छगनला आत जायची गरज नव्हती.

परत आलो तर गिलावा झालेला.

पण झरोका नव्हता.

छगनने तो न विचारता बाहेरून लिंपून टाकला होता.

आणि काम... काय सांगू. खालचा निम्मा भाग नीट, आणि झरोक्याच्या आसपासचा सगळा भाग कसातरी थापलेला. जणू कुणी मागे लागलं होतं. जून सरला तशा भेगा पडल्या. बोटाने वाजवलं की भद् भद् आवाज यायचा. जाळीसकट गिलावा भिंतीपासून सुटला होता, आत वीतभर पोकळी झाली होती.

पप्पांनी निरोप धाडले. छगन येईना. शेवटी बाजारच्या दिवशी, भाजीवाल्यांच्या रांगेत पप्पांनी त्याला गाठलं. मी पिशवी धरून बाजूला उभी होते.

"मिस्त्री, भिंत बघायला कधी येताय?"

"गुरुजी, भिताड जुनं हाय. मातीला शिमिट धरत न्हाई. त्याला मी काय करू?"

"मग खाली कसं धरलं?"

छगन बाजूच्या वांग्यांच्या ढिगाकडे बघायला लागला.

"मला पैसे परत नकोत. काम नीट करून पाहिजे. आणि माझा झरोका कुणाला विचारून बुजवला?"

इतका वेळ तो तावात बोलत होता. झरोका म्हटल्यावर त्याने मान खाली घातली.

"त्यो आता ऱ्हाऊ द्या गुरुजी. बुजवलाय त्ये बरं हाय."

"बरं कुणाला? आत जीव गुदमरतो माणसाचा!"

लोक जमले. छगन हात झटकून निघून गेला. पप्पांनी दुसऱ्याच दिवशी नगरच्या ग्राहक मंचात जायची तयारी केली आणि तशी रजिस्टर नोटीस छगनला धाडली.

त्याच दिवसांत आईला आवाज यायला लागला.

दुपारी, सगळं शांत झालं की... भिंतीतून.

खर्र... खर्र...

"घूस असेल," पप्पा म्हणाले. "पोकळी झाली म्हणजे घूस शिरणारच. बघ, हे या छगनचं काम!"

मग तो रविवार आला. आई माझ्या भावाला, पंकजला, घेऊन विहारात गेली होती. वर्षावास चालू होता, दर रविवारी दुपारी ग्रंथवाचन असायचं. वीज गेलेली. आभाळ भरलेलं, वारा सुटलेला.

एकच्या सुमारास छगन दारात उभा राहिला. एकटाच. हातात हातोडा आणि छन्नी, खिशात नोटीस.

"गुरुजी, कोर्टकचेरी नको. काय त्ये दाखवा."

पप्पांनी बाहेरून भिंत वाजवून दाखवली. छगनने मान हलवली. मग पप्पा म्हणाले, "आता आतून बघा."

छगन पुढच्या खोलीत आला आणि मागच्या दारापाशी थांबला.

"हितनंच बघतो की."

"इथून काय दिसणार? या आत."

पप्पांनी त्याचा दंड धरला आणि आत नेलं. मी चिमणी घेऊन मागे गेले.

आम्ही भिंतीपाशी पोचलो आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं.

चिमणी विझली.

डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. पप्पा हसले. "घाबरू नकोस प्रज्ञा, वारा आहे." ते चाचपडत दारापाशी गेले. कडी धरून ओढली.

दार हललं नाही.

पुन्हा ओढली. मग छगनही गेला. दोघांनी मिळून जोर लावला. कडी खडखडत होती, पण दार... जसं काही भिंतीतच चिणलेलं.

"बाहेरची कडी पडली असेल," पप्पा म्हणाले. त्यांनी हाका मारल्या. मीही मारल्या. गल्ली दहा पावलांवर होती. बायकांचा आवाज ऐकू यायला हवा होता.

काहीच ऐकू येत नव्हतं.

वाराही नाही. छपराचे पत्रे वाऱ्याने वाजायला हवे होते, तेही नाही. आमचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आणि मग...

खर्र... खर्र... खर्र...

भिंतीतून. डावीकडून उजवीकडे, सावकाश.

"घूस," पप्पा म्हणाले. पण हळू म्हणाले.

"न्हाई गुरुजी." छगन म्हणाला. "तीस वरसं हाच आवाज ऐकतोय. थापी हाय ती. कुनीतरी गिलावा घोटतंय."

त्याने काडी ओढली. त्याचा चेहरा घामाने थबथबला होता. काडी विझेपर्यंत तो झरोक्याकडे बघत होता. अंधार झाल्यावर तो बोलायला लागला.

"तिसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारची. मी बाहीर परांचीवर हुतो, झरोक्यापतूर आल्तो. आतनं एक हात आला. बाईचा का बाप्याचा, म्हाईत न्हाई. सगळा मातीनं भरल्याला. तळवा वर केला आन् बोटं हलवली. थापी मागत हुता."

"मग?"

"मला वाटलं बाई आल्या जामखेडावरनं, आतनं भित लिंपत असत्याल. मी दिली थापी. लई येळ वाट बघितली. मंग आवाज दिला, बाई, थापी द्या. कुनी बोलंना. उतरून म्होरं गेलो..."

त्याने हातोडा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"दाराला कुलूप हुतं गुरुजी."

मला एकच गोष्ट सुचत होती. भिंत दोन हात जाड. आतून अख्खा हात घातला तरी माणसाची बोटं बाहेरच्या तोंडापर्यंत पोचत नाहीत.

"म्हनून बुजवला," छगन म्हणाला. "हाताला यील तसा माल मारला आन् पळालो. काम खराब केलं, कबूल हाय. पन मी त्ये काम केलं न्हाई गुरुजी. मी त्ये झाकलं."

"पुरे!" पप्पा ओरडले. मी त्यांना एवढं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "पोरीसमोर काहीतरी बोलू नका. आणा तो हातोडा. दार उघडत नाही तर झरोका फोडू. नुसता गिलावा आहे त्याच्यापुढे. हाक तरी बाहेर जाईल."

"नगा गुरुजी. पाया पडतो."

"मग काय इथेच बसायचं?"

हवा खरोखर कमी होत होती. माझ्या कानात घुमायला लागलं होतं. छगनने दुसरी काडी ओढली. पप्पांनी उजव्या हातात हातोडा घेतला आणि गिलावा किती लांब आहे ते बघायला डावा हात झरोक्यात घातला.

आवाज थांबला.

पप्पाही थांबले.

त्यांचा हात कोपरापर्यंतच आत गेला होता. पुढे दीड हात जागा रिकामी असायला हवी होती.

"पप्पा?"

त्यांनी हात हळूच बाहेर काढला. काडीच्या उजेडात आम्ही तिघांनी तो बघितला.

तळवा सिमेंटने भरला होता.

ओल्या सिमेंटने. बोटांवरून खाली ओघळत होतं.

छगनने बोट लावलं आणि चोळून बघितलं. "ह्यो माल..." तो कसाबसा बोलला, "ह्यो आत्ता कालावलाय."

काडी विझली. त्यानंतर कुणी काडी ओढली नाही. पप्पांनी मला जवळ ओढलं. छगन आमच्या पायाशी बसला. दोन माणसं महिनाभर भांडत होती, आणि आता एकमेकांचा हात घट्ट धरून बसली होती. मला ते दिसत नव्हतं, पण मी दोघांच्या मध्ये होते, मला कळत होतं.

खर्र... खर्र...

पुन्हा सुरू झालं. आता एका भिंतीतून नाही.

दाराच्या बाजूनेही येत होतं.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मला वाटलं अर्धा तास. पप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. नंतर कळलं, ते त्रिशरण म्हणत होते.

आणि एकदम उजेड.

दार सताड उघडं होतं. दारात आई उभी होती, हातात सूप. आम्हाला बघून तिने किंकाळी फोडली. तांदूळ सगळीकडे सांडले.

"कुठून आलात तुम्ही?"

पप्पा उठले. "विमल, दार कुणी उघडलं?"

"कुणी उघडलं म्हणजे? दार मघापासून उघडंच हाय की. मी तीन वाजता आले. दोनदा आत डोकावले. सूप न्यायला आत जाऊन पन आले."

ती आमच्याकडे बघत राहिली.

"खोलीत कुनीच नव्हतं."

पुढच्या खोलीतल्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी छगन दोन गडी घेऊन आला. पप्पांनी शाळेला रजा टाकली. बाहेरून गिलावा फोडला. सगळं कोरडं ठणठणीत. ओल्या सिमेंटचा मागमूस नाही. थापीही सापडली नाही.

झरोक्यावरचा गिलावा जाळीसकट एका तुकड्यात निघाला, दारासारखा. गड्यांनी तो उताणा करून अंगणात टाकला.

आतली बाजू वर आली, आणि गडी मागे सरले.

जाळीला आतून गिलावा केलेला होता. आरशासारखा घोटलेला. कोपरे साधलेले, एक ओरखडा नाही.

वीतभर पोकळीत माणसाचा हात वळत नाही. तिथे कोण उभं राहून घोटणार?

छगन त्यावर हात फिरवत बराच वेळ उकिडवा बसला. मग म्हणाला, "गुरुजी, एवढं साफ काम माझ्याच्यानं होत न्हाई."

त्याने भिंत पुन्हा करून दिली. जाळी नवी, माल चांगला, झरोका मोकळा. आठ दिवस राबला. सहा वाजायच्या आत घरी जायचा, पण काम पुरं केलं. पप्पांनी नोटीस मागे घेतली. वाजवून बघितलं तर भिंत दगडासारखी. आवाजही बंद झाला.

पप्पांनी त्या दुपारबद्दल आम्हाला बोलू दिलं नाही. घर सोडायची ऐपत नव्हती. आम्ही तिथेच राहिलो.

तीन वर्षांनी, एप्रिलमध्ये, जयंतीच्या आधी आईने घराला चुना द्यायला काढला. मागच्या खोलीतली खाट बाहेर काढली. चुना वाळल्यावर पप्पा खाट परत लावायला गेले.

खाट बसेना.

त्याच जागी, दोन भिंतींच्या मध्ये ती कायम बसायची. आता चार बोटं कमी पडत होती.

"उन्हाने फुगली असेल," पप्पा म्हणाले.

"पप्पा, खाट लोखंडी आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडून कारण निघालं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती खोली रिकामी केली. पेट्या, पोती, भांडी, खिळ्यावरचं कॅलेंडरसुद्धा. दार ओढून घेतलं. त्यानंतर आम्ही चौघं पुढच्या एका खोलीत राहिलो.

आता मी संगमनेरला असते. पप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. भाऊ पंकज नगरला. आई मात्र तिथेच आहे, एकटी, पुढच्या खोलीत. कितीदा म्हटलं, माझ्याकडे चल. ती दरवेळी हो म्हणते आणि निघायच्या दिवशी काहीतरी काढते.

गेल्या उन्हाळ्यात गेले होते. आई नळावर होती. माझा हात आपोआप मागच्या दाराकडे गेला. मी दार लोटलं.

हातभर उघडलं... आणि कशाला तरी टेकलं.

मागे काहीतरी अडकलं असेल. एखादं पोतं. एखादी पेटी.

पण ती खोली आम्ही रिकामी केली होती.

फटीतून आत गार वाटत होतं. ओल्या सिमेंटचा वास येत होता. मी दार ओढून घेतलं आणि वळले तर आई कळशी घेऊन मागे उभी होती.

"कशाला उघडतीस ते?" ती शांतपणे म्हणाली. "दुपारचं काम चालू असतं."