बोंडअळीचा रंग

"बाई कुठी हायेत?" कौसरनं खुर्ची ओढता ओढता विचारलं.

खामगावातलं हे तपासाचं ऑफिस थाटलं होतं गुलाबरावांनी. कोकिळा तायडे मागाहून भागीदार म्हणून आली. तेव्हापासून दारात येणाऱ्याला बाईच हव्या असत. गुलाबरावांनी मुकाट्यानं आतलं टेबल दाखवलं.

कौसरनं कोकिळेपुढे दोन फोटो ठेवले. दोन्हींत कपाशीचं फोडलेलं बोंड, आत अळी. एकात अळी गुलाबी, दुसऱ्यात हळदीसारखी पिवळी.

"वरवट बकाल गावात मी घरीच फोटो छापते, बाई. औंदा बीटी कपाशीवर बोंडअळी पडली. तक्रारीचे फोटो सारं गाव माह्याकडूनच नेते. अन् आता हे असे निघून राह्यले. तपासणीवाले म्हणतात, ही गुलाबी अळी नाहीच. उद्या पुन्हा फोटो द्यायचे. नाही पटले तर गावाची भरपाई गेली. माह्या यंत्रात कोणीतरी हात घातला."

"शाई संपली असंल," गुलाबराव म्हणाले.

"शाई भरलेली हाये, दादा. कागद तोच, सेटिंग तीच. यंत्राचं चाचणीचं पान काढलं, एक रेघ तुटली नाही."

"छापायच्या आधी फोटो स्क्रीनवर कसा दिसतो?" कोकिळेनं विचारलं.

"झकास, गुलाबी. आजकाल कॅमेऱ्यातूनच फोटो निळे येतात. मी एकेक सुधारते, मंगच छापते."

कोकिळेनं पर्स उचलली.

कौसरच्या घरी ओसरीला लागून छोटी खोली होती. तिला कधी कुलूप नसे. कोकिळेनं एक जुना फोटो मागितला, अजिबात न सुधारता. कौसरनं नणंदेच्या निकाहचा फोटो उघडला.

"यातली चादर तर निळी पडली," गुलाबराव म्हणाले. "नीळ जास्त झाल्यासारखी."

प्रिंटरमधून कागद निघाला. चादर पांढरीशुभ्र होती.

"घ्या! यंत्र आपोआप सुधारलं!" गुलाबराव खूश झाले.

कोकिळा नुसती हसली. ते हसू गुलाबरावांना झोंबलं.

समोरच दीपकचा फोटो स्टुडिओ होता. तो रिकामा बसला होता.

"माहं गिऱ्हाईक तिनं नेलं, हे खरं हाये. जळतो मी, काऊन लपवू? पण तिच्या घरात मी कसा जाईन? आता लोकच मले तिचे फोटो आणून दाखवतात. पिवळ्याजर्द अळ्या!"

कौसरचा नवरा शकील आंगणात कॅमेरा पुसत होता.

"वावरात जाऊन फोटो मी काढतो. गुलाबी अळी हाये, डोळ्यानं पाह्यली. अन् मले सारे कौसरचा नवरा म्हणतात," तो कडवट हसला. "कार्ड तिच्या टेबलावर ठेवतो. पुढचं तिले माहीत."

धाकटी जाऊ मलिहा स्वयंपाकघरात होती. अकोल्याची, बीएस्सी झालेली.

"मी त्या खोलीत पाय ठेवत नाही. वावरातही जात नाही. त्या जांभळ्या अळ्या नुसत्या आठवल्या तरी जेवण जात नाही मले."

कोकिळेनं पाणी मागितलं. प्यायली आणि सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं.

"यंत्र चांगलंच आहे," ती म्हणाली. "न सुधारलेला फोटो बरोबर निघाला. खोटं बोलतो तो स्क्रीन. कोणीतरी त्याचा रंग निळ्याकडे सरकवला. कौसरला वाटलं, फोटोच निळे आहेत. स्क्रीनवर गुलाबी दिसेपर्यंत ती त्यांत पिवळं ओतत गेली. कागदावर ते पिवळंच उतरलं."

"पण कोणी केलं?" शकीलनं विचारलं.

"अळी वावरात गुलाबी दिसते. तुम्ही गुलाबी म्हणालात. छापल्यावर ती पिवळी, दीपकनं पिवळी सांगितली. जांभळी ती एकाच जागी दिसते. बिघडवलेल्या या स्क्रीनवर, कौसरनं सुधारायच्या आधी. आणि मलिहा ती जांभळी म्हणाली."

सगळे मलिहाकडे वळले. तिनं आधी नकारार्थी मान हलवली, मग ओठ चावला.

"हाव, म्याच केलं! यंत्र आलं तव्हा भाभीले एक बटण माहीत नव्हतं. पुस्तक म्या वाचलं. कागदावर रंग कसा उतरते, ते प्रोफाइल म्या शोधलं. स्क्रीन अन् कागद जुळेपर्यंत इथंच बसली मी. अन् नाव कोणाचं? कौसरभाभीचं! वाटलं, दोन लग्नाचे फोटो बिघडतील, लोक तिले बोलतील. गावाचं वाईट नव्हतं करायचं मले. मंग सांगायची हिंमतच नाही झाली."

हे बोलणं गुलाबरावांच्या पोटातलंच कोणीतरी बोलत होतं. कोकिळेकडे बघायचं त्यांनी टाळलं.

शकील तावातावानं पुढे झाला. कौसरनं त्याला हातानं थोपवलं आणि खुर्ची मलिहाकडे ढकलली.

"बस. होतं तसं कर. मले नाही येत." आवाजात गोडवा नव्हता.

मलिहा डोळे पुसत बसली. थोड्या वेळानं कागद बाहेर आला. बोंडात अळी होती, गुलाबी.

तेवढ्यात कडूबा नावाचा शेतकरी दाराशी आला. "कौसरभाभी, झाले का हो फोटो?"

"झाले," कौसर म्हणाली. पुढचं तिला जड गेलं. "मलिहानं छापले."

"मलिहा कोण?"

कौसरनं सरकून दार पुरतं उघडलं.

"माही जाऊ. या आत. किती पाहिजेत, तिलेच सांगा."