घरात आम्ही तिघंच

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. जिच्या बाबतीत हे घडलं, त्या जानकीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे. यात माझ्या पदरचं काही नाही.

आणि ही रात्रीची गोष्टसुद्धा नाही.

साल शहाऐंशी. दिवाळी नुकतीच उलटलेली. नाहूरमध्ये रस्त्यापासून जरा आत एक बैठी चाळ, आणि टळटळीत दुपार.

जानकीची एकच खोली. वर लाकडी पोटमाळा, त्याला टेकवलेली शिडी. नवरा गुणाजी, संपात गिरणी सुटल्यापासून भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन. मुलगी मीरा, दुसरीत.

तिघांचं घर.

निदान जगाला ते तसंच सांगायचे.

कारण काही वर्षांपूर्वी त्या घरात चौथं माणूस होतं. गुणाजीची आई, सुगंधा.

म्हातारीच्या भुवया झडायला लागल्या. कानाच्या पाळ्या सुजल्या. मग एकदा तिने स्टोव्हवरचं तापलेलं पातेलं उघड्या हातांनी उतरवलं आणि तशीच बोलत उभी राहिली. तळहाताला टरारून फोड आले. तिला पत्ताच नाही.

जानकी समजली. गुणाजीही समजला.

महारोग.

हा शब्द मात्र घरात कोणी उच्चारला नाही.

"कोणाक कळला ना, तर खोली खाली करूक लावतीत," गुणाजी एवढंच म्हणाला.

म्हातारी माळ्यावर गेली. शेजाऱ्यांना सांगितलं, गावाला गेली. दिवसभर शिडी काढून ठेवायची. अंधार पडला की लावायची, मग मीरा सरसर वर चढायची आणि आजीच्या कुशीत झोपायची.

त्याच सुमाराला इव्हा सिस्टर पहिल्यांदा आली होती. मरोळच्या गावठाणातली, ख्रिस्ती. कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी चाळी-झोपड्या पालथ्या घालायची. लोक तिच्या तोंडावर दार लावायचे. एका बाईने तर अंगावर खरकटं पाणी टाकलं होतं. सिस्टरने पदर पिळला आणि पुढचं दार वाजवलं.

"घरात किती माणसं?" तिने विचारलं होतं.

"आम्ही तिघंच," जानकी म्हणाली.

वर म्हातारीने तोंडात पदर कोंबून खोकला दाबला होता.

संध्याकाळी शिडी लावली तेव्हा ती जानकीला म्हणाली, "बरा सांगितलंस गो."

बस, एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढे गुणाजीने तिला गावी नेऊन सोडलं. भावकीने घरात घेतलं नाही. मळ्याच्या कडेला खोपी बांधून दिली. भाकरी लांबून ठेवायचे. त्या खोपीतच ती गेली. नक्की कधी गेली, ते कोणालाच सांगता आलं नाही.

जानकीने सगळं मनात खोल पुरून टाकलं.

पण शहाऐंशी साली दसरा झाला आणि...

माळ्यावर आवाज यायला लागले.

आधी वाटलं, उंदीर.

मग फळी कुरकुरायची. कोणी सरपटत बाजूला झाल्यासारखी.

मग खोकला... तोंडात कापड धरून दाबलेला.

गुणाजी म्हणायचा, "माका काय ऐकूक येना नाय." पण हे म्हणताना तो वर बघायचा नाही.

मीरा मात्र जेवता जेवता वर बघून हसायची.

आणि त्या दुपारी इव्हा सिस्टर परत आली. तीच पिशवी, त्याच रबरी चपला.

"घरात किती माणसं, वहिनी?"

जानकी म्हणाली, "तिघंच."

या वेळी ते खरं होतं. तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

सिस्टर दाराकडे वळली...

आणि वर कोणीतरी खोकलं.

ती थांबली. "वर कोण आहे?"

"कोणी नाही हो."

"वहिनी, लपवू नका. मी चाळीत सांगायला नाही आले. औषध आहे याच्यावर. गोळ्या घेतल्या की पूर्ण बरं होतं. माणूस घरातच राहू शकतं."

जानकी बघतच राहिली. "घरातच?"

"घरातच."

"तुम्ही मागे आला होतात... तेव्हाही होतं औषध?"

"तेव्हाही होतं. माझ्या पिशवीतच होतं."

जानकीला वाटलं, पायाखालची फरशी फाटावी. मग ती तुटक तुटक सगळं बोलली. माळा, गाव, खोपी, सगळं.

"मग आता वर कोण?" सिस्टरने हळूच विचारलं.

जानकीने नुसतं शिडीकडे बघितलं.

सिस्टर शिडी चढली. वर बराच वेळ काहीच आवाज नाही. मग तिचा दबका आवाज... आणि पुन्हा शांतता.

ती उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोणी नाही," ती म्हणाली. "नुसती गोधडी आहे. मी विचारलं, कोण आहे? तर... उत्तर आलं."

"काय?"

"घरात तिघांच आसत."

जानकीने पदर तोंडात कोंबला.

सिस्टरने छातीवर क्रूसाची खूण केली. आता ही पिशवी उचलून पळणार, असं जानकीला वाटलं. कोणीही पळालं असतं.

सिस्टर दोन घोट पाणी प्यायली आणि म्हणाली, "पोरगी म्हातारीजवळ झोपायची ना? बोलवा तिला. उजेडात."

मीराला दारात, उन्हात बसवलं. फ्रॉक वर केला. सिस्टरने पिशवीतून एक पीस काढलं.

"डोळे मीट हां बाळा. पीस जिथं लागेल, तिथं बोट ठेवून दाखव."

मानेला लावलं. मीराने मान दाखवली. कोपराला लावलं. कोपर दाखवलं. पाठीला लावलं...

मीरा तशीच बसून.

पुन्हा लावलं. काही नाही. तिथं एक फिकट चट्टा होता, करंगळीच्या नखाएवढा. एवढ्या वर्षांत आईच्या नजरेला पडला नव्हता.

"इथं काही लागतं का गं?" सिस्टरने चट्ट्याभोवती बोट फिरवत विचारलं.

"पीस नाही लागत," मीरा डोळे मिटूनच म्हणाली. "तिथं आजी बोट ठेवते. रोज. म्हणते, आयेक दाखव."

सिस्टरच्या हातातलं पीस कधी खाली पडलं, कोणालाच कळलं नाही.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. सिस्टर दर महिन्याला यायची. कधी मीराने गोळी चुकवली तर आठवडाभरात पुन्हा दारात हजर. चट्टा मावळला. बोटं शाबूत राहिली, मीरा शाळेत जात राहिली. माळ्यावरचा खोकलाही थांबला.

अशाच एका खेपेला जानकीने सिस्टरला दारातच, सगळ्यांसमोर, घरातल्या कपातून चहा दिला.

"कसली सिस्टर गं ही?" समोरच्या बाईने विचारलं.

जानकीने सांगितलं. मोठ्याने सांगितलं. लोकांनी नळावर बोलणं टाकलं. गुणाजी तिच्यावर ओरडला, मग कोपऱ्यात बसून आईच्या नावाने रडला. पण हळूहळू चाळीतल्या दोघीतिघी अंधार पडल्यावर येऊन विचारायला लागल्या, "सिस्टर परत कधी येणार?" त्यांच्यातल्या एकीच्या दंडावर चट्टा निघाला. तीही वेळेत बरी झाली.

नंतर जानकी सिस्टरबरोबर फिरायला लागली. जी दारं सिस्टरला उघडत नव्हती, तिथं ही बाहेरून बोलायची. "मी लपवलं होतं गं. तू नको लपवू." बायका ऐकायच्या.

असंच एकदा त्या दहिसरला गेल्या. नदीकाठची वस्ती. एका तरुण बाईने दार उघडलं, बसायला चटई टाकली. मग त्यांच्या पाठीमागे बघून म्हणाली,

"आणि त्या आजी उन्हात का उभ्या? त्यांनाही बोलवा ना आत."



सिस्टर वळली. तिला कोणी दिसलं नाही. पण ती तरुण बाई अजून दाराकडेच बघत होती... हसून मान हलवत होती.

जानकी वळली नाही. घरातून निघतानासुद्धा तिने डोळे जमिनीवरून वर केले नाहीत.

मी तिला विचारलं, "एकदा वळून बघायचं तरी होतंस. खात्री झाली असती."

जानकीने पदर सारखा केला. मग म्हणाली,

"कुठल्या तोंडानं बघू?"