उपाशी गोधडी

दिवाळीनंतर थंडी पडायला लागली, तेव्हा मी आत्याबाईंची पेटी उघडली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, साळूबाई. त्यांना जाऊन सहा महिने झाले होते. पेटीत सात लुगडी निघाली, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी.

महेश, माझा नवरा, म्हणाला, "आईच्या लुगड्यांची गोधडी शिवून घे. पायलला होईल."

पायल आमची मुलगी. पाच वर्षांची, बालवाडीत जाणारी. मला कल्पना पटली. जेल रोडच्या आमच्या दोन खोल्यांत पेटी अडचणच करत होती.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये भागीबाई राहायच्या. मूळच्या इगतपुरीकडच्या, हातानं गोधड्या शिवण्यात त्यांची हयात गेलेली. दुपारी जेवणं आटोपली की त्या यायच्या. आम्ही फरशीवर लुगडी अंथरायचो, वर पायलच्या जुन्या फ्रॉकची, महेशच्या शर्टाची ठिगळं मांडायचो आणि दोन बाजूंनी दोघी टाके घालत आत सरकायचो. सुया कापडातून जायच्या त्याचा बारीक आवाज तेवढा व्हायचा.

तिसऱ्या दिवशी भागीबाईंनी एक हिरवं लुगडं हातात घेतलं आणि थांबल्या. पदराचं टोक दोन बोटांत धरून त्या बघत राहिल्या. तिथं कापडाचा पार चोथा झाला होता.

"उंदरानं खाल्लं असेल," मी म्हटलं.

"उंदीर असं नाय करत. हे चघळलंय… बिनदाताच्या तोंडानं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लय दिवस चघळलंय गं."

मी ते लुगडं ओढून घेतलं आणि खाली अंथरलं. त्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते.

आत्याबाईंना अर्धांग झालं होतं. चौदा महिने त्या खाटेवर होत्या, आणि त्यांचं सगळं मीच काढायची. पोटात जेवढं जाईल तेवढं बाहेर येणार, हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं. मग मी कमी केलं. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी चार चमचे पेज. रात्री काही नाही. त्यांची वाचा गेलेली, त्यामुळे मागायचा प्रश्नच नव्हता. महेशला सांगायची, 'आई घेतच नाहीत हो, तोंड फिरवतात.' तो मान हलवायचा. टीव्ही त्याच खोलीत होता, म्हणून मी ताट घेऊन त्यांच्यासमोरच बसायची. त्यांचे डोळे माझ्या हाताबरोबर ताटावरून तोंडाकडे यायचे, तोंडावरून ताटाकडे जायचे. मला त्याचा राग यायचा. एकदा मी त्यांच्या तोंडावर चादर ओढली आणि जेवण पुरं केलं.

गोधडी पुरी होत आली तेव्हा भागीबाईंनी एका कोपऱ्याला चार बोटं जागा उघडी ठेवली.

"भाकरीचा तुकडा आण. आत घालून मग तोंड शिवू. आमच्याकडं गोधडीचं पोट रिकामं ठेवत नाय."

"मावशी, मुंग्या लागतील. पायल झोपणार आहे त्यात."

"चिमूटभर आण. म्हातारीच्या अंगावरची लुगडी हायेत…"

मला एकदम संताप आला. मेल्यावरही हिला खायला घालायचं? "मी मशीनवर कडेनं लाल गोट लावून घेते," मी म्हटलं. "तेच चांगलं दिसेल. भाकरी-बिकरी काही नको."

भागीबाईंनी सुई दोऱ्याच्या रिळात टोचली. "मग तूच लाव," म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

मी लावला. गोट सुरेख बसला होता. महेशनं फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

पहिल्याच सकाळी पायल उठली ती "भूक लागली" म्हणत. दोन पोळ्या खाल्ल्या, दूध प्यायली, आणि शाळेच्या गाडीत बसताना पुन्हा म्हणाली, "मम्मी, भूक." आठवड्याभरात ती माझ्याएवढं जेवायला लागली. आणि वाळायला लागली. मनगटं काडीसारखी झाली, गणवेशाचा स्कर्ट कमरेवर ठरेना. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, रक्त तपासलं. काहीच निघालं नाही.

एका दुपारी ती झोपली होती. मी जवळ गेले तर तिची वेणी ओली होती. शेंडा चघळून चोथा झालेला. पण पायल भिंतीकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून झोपली होती. वेणी तिच्या पाठीवर होती. गोधडीच्या बाजूला.

मी गोधडी ओढून माळ्यावर फेकली. त्यानं फरक पडला नाही, पोर वाळतच राहिली. जाळू म्हटलं तर महेश अंगावर आला. "माझ्या आईची लुगडी आहेत ती!"

मग मी कोपरा उसवला. वेगळी भाकरी भाजून तुकडा आत घातला आणि शिवून टाकला. दोन दिवसांनी तिथून कुबट वास आला. तुकडा बुरशी धरून तसाच पडला होता.

मी भागीबाईंच्या दारात गेले. त्यांनी आत बोलावलं नाही.

"मावशी, ठेवली हो भाकर… तरी पोरगी…"

"कोणती ठेवली?"

"वेगळी केली. ताजी."

"तिला वेगळी नाय पाहिजे. माझ्या खिडकीतनं दिसायचं मला. म्हातारीनं चौदा महिने जी बघितली ती पाहिजे. तुझ्या ताटातली." त्या दार लोटता लोटता म्हणाल्या, "आणि पोट भरल्यावर उरलेली नको."

त्या दिवसापासून मी अर्धं ताट गोधडीत घालते. आधी तिला, मग मला. सकाळी कोपरा उसवला की आत काही नसतं. कणसुद्धा नाही. पायल भरली, गाल वर आले, शाळेतल्या खेळात पळते. मग अर्धं ताट पुरेना. पायल पुन्हा "भूक" म्हणाली की मी ओळखते आणि आणखी एक घास काढते. आता माझ्या वाट्याला सकाळचा अर्धा कप चहा आणि दुपारी थोडी पेज उरते. माझं वजन एकोणचाळीस किलो आहे. महेश जेवताना मी समोर बसते आणि त्याच्या हाताकडे बघते. त्याला ते आवडत नाही. हल्ली तो ताट उचलून दुसऱ्या खोलीत जातो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मंगळवारी सकाळी कोपरा उसवला, तर भाकरीचा अर्धा तुकडा उरलेला. कधी उरत नाही. तुकड्याच्या कडेला काहीतरी पांढरं रुतलं होतं. मी नखानं काढलं.

दुधाचा दात. इवलासा, मुळाशी रक्त लागलेला.

मी पायलला उठवलं, खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला लावलं. वरचे, खालचे, सगळे दात जागेवर. एकही हलत नव्हता. म्हणजे गोधडीतल्या त्या बिनदाताच्या तोंडाला आता दात फुटत होते.

"काय बघतेस मम्मी?"

मी मूठ मिटून घेतली. आतला दात अजून कोमट होता.