पुट्टीखालचा निळा रंग

कॉलीन गोराल ऑफिसात आली तेव्हा तिच्या नखांत पुट्टीची धूळ अडकलेली होती. खुर्चीत बसायच्या आधीच तिने खिशातून रुमाल काढला आणि हेस्टर लिंडक्विस्टच्या टेबलावर उलगडला.

आत लाल प्लॅस्टिकचा बोटभर तुकडा होता आणि निळ्या रंगाचे चार पापुद्रे.

"सायकलचा मागचा रिफ्लेक्टर," हेस्टर म्हणाली. तिचं अर्धं आयुष्य विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेलं होतं. आता ती स्वतःच्या नावाने तपासाची कामं घेई. "कुठे मिळाला?"

"काकाच्या शेव्हेलमध्ये. सत्तरची गाडी आहे. उजव्या मडगार्डवरची पुट्टी घासली तर खाली हा एवढा खड्डा, आणि पत्र्याच्या घडीत हे."

खिडकीशी बसलेला बड ऑर्टेगा वळला. तो निवृत्त पोस्टमन होता. हेस्टरच्या सोबतीला असायचा, गावातलं प्रत्येक दार त्याला ठाऊक होतं.

"निळी सायकल," तो हळूच म्हणाला. "आयोन सेयरची."

कॉलीनने मान हलवली. "शाळेतल्या बाई. एकोणऐंशीच्या ऑक्टोबरात सायकलवरून घरी येताना डचर रोडवर कुणीतरी उडवलं. कोण ते कधीच कळलं नाही. आणि त्याच आठवड्यात लिऑनकाका गाव सोडून गेला. परत आलाच नाही. गेल्या वर्षी डलूथहून त्याची राख तेवढी आली."

"आणि गाडी?"

"इतकी वर्षं कोठारात पडून होती. बाबा म्हणाले, भावाला माफ करायचा हा एकच रस्ता दिसतोय. वर्षभर आम्ही दोघं सुटीच्या दिवशी तिच्यावर खपतोय." तिने नखातली धूळ टोकरली. "आता ते म्हणतात, भाऊ पळपुटा तर होताच, खुनीही निघाला. सोमवारी भंगारवाला येतोय. पोलिसांकडे मी जाणारच आहे. पण त्याआधी मला खरं काय ते कळू दे."

गोराल कुटुंबाच्या गॅरेजमध्ये शेव्हेल ठोकळ्यांवर उभी होती. अर्धी नवी, अर्धी गंजलेली. कॉलीनचा बाप रसेल गोराल साठीचा, दाराची चौकट डोक्याला लागेल इतका उंच. भिंतीवरच्या जुन्या फोटोत तो, लिऑन आणि त्यांचे वडील कॅझिमिर तसेच ताडमाड उभे होते. मधे आई व्हर्ना, त्यांच्या कोपराएवढी.

"पुट्टी लिऑननेच भरलीय," रसेल म्हणाला. "त्याचा हात मी ओळखतो. कडा बोटाने पुसायची सवय होती त्याला. आता आणखी काय पुरावा हवा?"

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"जॉर्जियात, सैन्याच्या तळावर. त्याच रात्री बाबा गेले. साखर कारखान्यात पाळीवर असताना छातीत कळ आली, तिथूनच इस्पितळात नेलं. मी दोन दिवसांनी पोचलो. पहिलं काम काय केलं, तर कारखान्याच्या आवारातून बाबांची गाडी घरी आणली. घरात दुसरी गाडी म्हणजे लिऑनची ही. ती कोठारात होती. मातीनंतर लिऑन निघून गेला, आणि आईजवळ राहिलो मी. बाहेर काही करायचे माझे बेत होते. राहून गेले."

हेस्टरने दार उघडलं. "आतलं काय काय बदललंत?"

"काहीच नाही. सीटही निघत नाही. तेल ओतलं, हातोडा मारून पाहिला, रुळावर गंजून चिकटलीय."

बड ड्रायव्हरच्या जागी बसायला गेला आणि गुडघे स्टिअरिंगखाली अडकून ओरडला, "अरे, ही गाडी आहे की पेटी? ओढा मला बाहेर!"

कॉलीनने त्याला ओढून काढलं. मग हेस्टर बसली. ती बेताच्या उंचीची होती. पाय तिन्ही पेडलवर नीट पोचले. तिने मान वर केली. काचेवरच्या काळवंडलेल्या आरशात मागची काच बरोबर मधोमध दिसत होती.

ती उतरली.

व्हर्ना गोरालला घरात सगळे बुशा, म्हणजे पोलिशमध्ये आजी, म्हणत. स्वयंपाकघरात ती कोबीची पानं सोलत बसली होती. वयाने वाकलेली, पण बोटं भराभर चालत होती.

"बुशा, या हेस्टरबाई," कॉलीन म्हणाली. "गाडीचं बघायला आल्यात."

"बघा की. लोखंड आहे, त्यात काय बघायचं?"

"तुम्हाला गाड्यांची आवड नाही वाटतं?"

"आवड!" म्हातारी हसली. "चौदाव्या वर्षी वडिलांच्या बीटच्या ट्रकवर बसले मी. गिअर टाकायला दोन्ही हात लागायचे. आवडीने नाही हो, माणसं कमी होती म्हणून."

"कॅझिमिर गेले तेव्हा तुम्ही जवळ होतात?"

बोटं थांबली. "होते. हात धरला होता त्यांचा. मी पोचले तेव्हा शुद्धीवर होते. मग अर्ध्या तासात गेले."

"आणि आयोन सेयर?"

"बिचारी." व्हर्नाने पान उलटं केलं. "सायकल ढकलत चालली होती, अंधार पडलेला, अंगात काळपट कोट. कुणालाच दिसली नसती. लिऑनला बोल लावू नका. मेलेल्या माणसाला कशाला छळता?"

परतताना बड म्हणाला, "आई ती आई. मुलाला अजून पाठीशी घालतेय."

"घालतेय खरी," हेस्टर म्हणाली.

लिऑनचं लग्न जिच्याशी ठरलं होतं ती डोरीन आता बेकरी चालवत होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. बडला बघताच तिने गल्ल्यावरून आवाज दिला, "काय रे, आता पत्रं नाही तर भांडणं वाटत फिरतोस का?"

पण लिऑनचं नाव निघताच ती गंभीर झाली.

"त्या दिवशी? आमच्याकडे होता. दुपारी माझ्या वडिलांनी त्याला आपल्या ट्रकमधून आणलं. छप्पर दुरुस्त करायचं होतं. रात्री इस्पितळातून निरोप आला तेव्हा आम्ही जेवत होतो. वडिलांनीच त्याला तिकडे सोडलं, मीही गेले. व्हर्नाबाई आमच्या आधीच पोचल्या होत्या."

"त्याची शेव्हेल तुम्ही कधी चालवलीत?"

"एकदा. क्लच सोडला की बंद, सोडला की बंद. मग त्याने किल्ली काढून घेतली." ती जेमतेम हसली. "दुसऱ्या दिवशी तो कोठारातून बाहेरच येईना. जाताना एवढंच म्हणाला, 'इथे राहिलो तर आईच्या तोंडाकडे बघवणार नाही.' मला वाटलं, बाप गेल्याचं दुःख."

"हे कुणाला सांगितलंत?"

"विचारलं कुणी? मला टाकून गेला, यापलीकडे लोकांना काही नको होतं."

रविवारी दुपारी हेस्टरने सगळ्यांना गॅरेजमध्ये बसवलं. व्हर्नासाठी कॉलीनने घरातली खुर्ची आणली.

"पुट्टी लिऑनची हे खरं," हेस्टर म्हणाली. "पण गाडी त्याच्या हातात नव्हती. तो डोरीनच्या घरी होता, तिच्या वडिलांच्या ट्रकमधून आला नि गेला. शेव्हेल इथे अंगणात उभी होती."

रसेल उठला. "मग कुणी नेली?"

"सीट बघा. अगदी पुढे ओढलेली आहे आणि तशीच गंजलीय. बडला आत शिरता आलं नाही, तर तुम्हा तिघांपैकी कुणी कसा बसेल? ही गाडी शेवटची ज्याने चालवली ते माणूस ठेंगणं होतं."

"सीट मागाहून कुणी सरकवली असेल," बड म्हणाला.

"मीही आधी तेच धरलं. पण मग आरसाही माझ्या उंचीला कसा लागला? सामान ठेवायला सीट सरकवणारा आरसा वळवत बसत नाही. कुणीतरी तो गाडी चालवण्यासाठी लावला होता."

"डोरीन ठेंगणी आहे," बड म्हणाला.

"डोरीन लिऑनबरोबर जेवत होती. आणि ती गाडी तिच्याच्याने चालत नव्हती."

रसेलने आईकडे पाहिलं नाही.

"कॅझिमिरची गाडी कारखान्यातच राहिली होती, ती तुम्ही दोन दिवसांनी आणलीत," हेस्टर त्याला म्हणाली. "मग तुमची आई इस्पितळात कशाने पोचली? लिऑनच्या आधी, नवरा शुद्धीवर असताना?"

कॉलीनने बुशाकडे वळून पाहिलं.

"व्हर्नाबाई, सारं गाव म्हणतं की आयोन सायकलवर होती. कॉलीनही तेच म्हणाली. ती सायकल ढकलत चालली होती असं तुम्ही म्हणालात, आणि हे फक्त जिने पाहिलं तिलाच माहीत."

व्हर्नाने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"कारखान्यातून फोन आला," ती म्हणाली. "लवकर या, म्हणाले. किल्ली खुंटीला होती. मी रस्त्याकडे बघत नव्हते. मी कॅझिमिरला बघत होते." तिने श्वास घेतला. "मी थांबले. उतरले. हाक मारली. तिचा श्वास चालत नव्हता. नव्हताच, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतेय. मग पुन्हा गाडीत बसले."

"आणि लिऑन?" रसेलने विचारलं.

"रात्री मी गाडी कोठारात घातली. सकाळी त्याने बघितली. मला एक अक्षर विचारलं नाही. पुट्टी भरली. जाताना म्हणाला, कधी सापडलंच, तर लोक माझंच नाव घेतील. मी त्याला जाऊ दिलं रे. एक मुलगा गेला, आणि तू त्याला शिव्या देत राहिलास, आणि मी तुझ्यापुढे ताट वाढत राहिले."

रसेल गॅरेजबाहेर गेला. अंगणात तो बराच वेळ पाठमोरा उभा होता. कॉलीन त्याच्यामागे निघाली तेव्हा हेस्टरने तिला हात धरून थांबवलं.

शेवटी तो आत आला. भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणाला. मग आईसमोर गुडघ्यांवर बसला.

"उद्या शेरीफच्या पोलीस ठाण्यात जायचं, आई. मी नेईन तुला."

"हो. पण आधी लोईसकडे ने."

लोईस ही आयोनची धाकटी बहीण. ती अजून आयोनच्याच घरात एकटी राहत होती. रसेल व्हर्नाला धरून पायऱ्या चढला. हेस्टर आणि बड फाटकाशीच थांबले.

दारात उभ्या उभ्या व्हर्नाने सांगितलं. फार थोड्या शब्दांत. लोईसने चौकट घट्ट धरली.

"सायकल ढकलत होती?" तिने विचारलं. "का?"

"चेन उतरली होती. लोंबत होती. मी बघितली."

लोईस रडू लागली. रसेल पुढे झाला, पण तिने हाताने त्याला थांबवलं. ती व्हर्नाच्या अंगावर ओरडली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. मग ती दारातून बाजूला झाली.

"आत या," ती म्हणाली. "बसा. आणि सगळं सांगा मला. पहिल्यापासून."